मदत हवी आहे – आईचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू, मराठी इंटरप्रिटर आणि भारतातले सात महिने

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. आईचं वय ६१, ग्रीन कार्डला १६ वर्षं झालीत, त्यामुळे ५५/१५ च्या नियमात (वय ५५ च्या वर, ग्रीन कार्डला १५ वर्षं) ती बसते, म्हणजे इंग्रजीची परीक्षा नाही आणि सिव्हिक्सची (अमेरिकेचा इतिहास आणि सरकार) मराठीतून देता येते पण इंटरप्रिटर आपणच न्यायचा. न्यू जर्सीत कोणी मराठी इंटरप्रिटर नेला होता का? घरचं माणूस चाललं की ऑफिसरने नको म्हटलं?

दुसरं म्हणजे, २०२३ मध्ये बाबांच्या आजारपणात ती नाशिकला सलग सात महिने राहिली, आणि सहा महिन्यांच्या वर गेलं की इथला सलग रहिवास तुटला असं धरतात, न तुटल्याचे पुरावे आपण द्यायचे. टॅक्स रिटर्न, घराचं लीज, हॉस्पिटलचे कागद काढून ठेवलेत, अजून काय लागलं तुम्हाला?

आई सिव्हिक्सचे १२८ प्रश्न वहीत मराठीत लिहून काढून रोज पोळ्या लाटताना मला विचारायला लावते, सिनेटर १०० हे झोपेतही सांगेल, पण घटनादुरुस्त्यांचे नंबर आले की लाटणं थांबतं. इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे, अनुभव असेल तर प्लीज लिहा, खूप टेन्शन आलंय.