डी5600 कॅमेऱ्यावर पक्षी : 60 हजारांत 300 मिमीच्या पुढे काय?

मुळाकाठचा_खंड्या :
बॉडी निकॉन डी5600, लेन्स एएफ-पी डीएक्स 70-300. कवडीपाटला (पुण्याजवळ) बगळे-बदकं ठीक येतात, पण शिंजीर, वटवट्या असले चिमुकले क्रॉप केले की पिसांचा नुसता चिखल. बजेट 60 हजार, जुनी लेन्स चालेल, बॉडी बदलायची नाही. सिग्मा 150-600 कंटेम्पररी, निकॉन 200-500, की आहे त्यालाच टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारं, फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग)? भिगवणला (उजनी जलाशयावर) बोटीतूनही वापरायची आहे.

पाणकावळा :
टेलिकन्व्हर्टर आधी यादीतून काढा. तुमची लेन्स 300 ला एफ/6.3 आहे (आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). 1.4 पटीचा लावला की एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) जाऊन एफ/9 होते आणि या बॉडीचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो. शिवाय निकॉनचा स्वतःचा कन्व्हर्टर त्या लेन्सला बसतच नाही.

आता रीचचा, म्हणजे दूरचा पक्षी किती मोठा येतो त्याचा हिशोब. 10 मीटरवर 300 ला फ्रेमची रुंदी साधारण 78 सेंमी भरते. शिंजीर 10 सेंमीचा, म्हणजे 6000 पैकी जेमतेम 750 पिक्सेल. 600 ला तोच 1500 पिक्सेल होतो. (10 ऐवजी 5 मीटरवर जाऊन बसलात तरी तेवढाच होतो, आणि तेही फुकटात.)

60 हजारांत दोन्ही जुन्याच बघाव्या लागतील. 200-500 सगळीकडे एफ/5.6 देते, पण 2300 ग्रॅम, आणि टोकापासून टोकापर्यंत झूम करायला रिंग दोनदा पकडावी लागते. सिग्मा 1930 ग्रॅम, 600 ला एफ/6.3, आणि खरी शार्प एफ/8 ला. बोटीत अचानक थवा उठला तर 150 ची बाजू कामाला येते. मी सिग्मा म्हणेन. एक लक्षात घ्या, डी5600 मध्ये फोकस फाइन-ट्यून (फोकसची बारीक दुरुस्ती) नाही. लेन्स पुढे-मागे फोकस करत असेल तर सिग्माचा यूएसबी डॉक (लेन्स संगणकाला जोडणारं उपकरण) लागतो. त्यात 4 फोकल लेंग्थ आणि 4 अंतरं अशी 16 ठिकाणी दुरुस्ती करता येते.

सिंहगड_व्हॅली :
थोडा वेगळा सूर. सिंहगडच्या व्हॅलीत स्वर्गीय नर्तकाच्या मागे लागलात तर झाडाखाली एफ/8 म्हणजे आयएसओ 6400, मग पुन्हा चिखलच. जुनी एएफ-एस 300 एफ/4 बघा. व्हीआर (हात हलल्याची भरपाई) नाही, पण 1440 ग्रॅम, उघड्या छिद्रालाच शार्प, आणि 1.45 मीटरपर्यंत जवळ फोकस करते, त्यामुळे फुलपाखरंही होतात. 1.4 चा टेलिकन्व्हर्टर लावला की 420 एफ/5.6, फोकस चालू राहतो. मोटर मात्र ऐकून घ्या. म्हातारी झाली की किंचाळते, आणि दुरुस्ती महाग पडते.

मुळाकाठचा_खंड्या :
एकाकडे निकॉन 80-400 व्हीआर बरीच स्वस्त आहे. तिचं काय?

पाणकावळा :
कोणती ते विचारा. नावात 'डी' असलेली जुनी असेल तर तिला बॉडीतली मोटर लागते, ती डी5600 मध्ये नाही. फोकस हाताने करावा लागेल. उडत्या सुरय पक्ष्यावर करून बघा म्हणजे कळेल.

सिंहगड_व्हॅली :
जुनी कोणतीही घ्या, स्वतःची बॉडी घेऊन जा. दोन्ही टोपणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे (बुरशी) किंवा दुधी पडदा दिसला तर उठा. कोकणातल्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये हे हमखास बघावं. मग 10-15 मीटरवरची छापील पाटी, 600 ला, एफ/6.3 आणि एफ/8, प्रत्येकी पाच फोटो. फोकस दर वेळी मोडून परत घ्या. पाचांत दोन मऊ आले तर फोकसची गडबड, पाचही सारखेच मऊ असतील तर फोकस कायम पुढे किंवा मागे पडतोय (डॉकने सुटू शकतं) किंवा भिंगच हललंय. बिलावरचा आणि लेन्सवरचा सीरियल नंबर जुळवा. आणि 95 मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर भेट म्हणून देत असतील तर घ्या, पण लावू नका. 600 ला तो शार्पनेस खातो.

मुळाकाठचा_खंड्या :
सिग्माच बघतो. बोटीत ट्रायपॉड की मोनोपॉड?

पाणकावळा :
दोन्ही नको. बीनबॅग न्या, अर्धीच भरलेली, आणि इंजिन चालू असताना काठावर टेकवू नका, सगळा कंप लेन्समध्ये उतरतो. इंजिन बंद करायला सांगा. शटर बसलेल्यांना 1/800, उडत्यांना 1/2000, एएफ-सी (सतत फोकस), ऑटो आयएसओला 3200 ची मर्यादा. मागचं एई-एल बटण एएफ-ऑनला लावा, म्हणजे फोकस त्या बटणाने होईल. पट्टा लेन्सच्या कॉलरला (ट्रायपॉडच्या कड्याला) अडकवा. अर्ध्या किलोच्या बॉडीच्या माउंटवर दोन किलो लोंबू देऊ नका. आणि कुंभारगावला (भिगवणजवळ) उजाडताच बोट धरा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते, मग 60 मीटरवरचा रोहित (फ्लेमिंगो) कुठल्याच लेन्सने शार्प येत नाही.