आईस हॉकी: चकती लांब मारली की एकदा शिट्टी, एकदा नाही, असं काहून?

लातूरकर:
राम राम मंडळी. आमचे दाजी लेहला नोकरीला आहेत, म्हणून जानेवारीत ताईकडं आठ दिवस गेलतो. पहिले दोन दिवस रूममधून हललोच नाही, 11 हजार फुटाच्या वर आहे ते, जिना चढला तरी दम लागायला. तिसऱ्या दिवशी दाजी म्हणले चला आईस हॉकीची मॅच दाखवतो. एनडीएस स्टेडियमवर लोकल टीमा होत्या, आणि खरं सांगतो एवढा वेगवान खेळ मी आजवर बघितला नव्हता. कठड्याला टेकून उभा होतो, स्केटच्या पात्याचा कर्रर्र आवाज, आणि गडी झटक्यात थांबला की बर्फाचा भुगा उडून पार कठड्यापर्यंत यायचा. बोटं बधिर झालती, शेजारच्या एका आजोबांनी थर्मासमधला लोणी-मीठ घातलेला चहा दिला, कप धरूनच बरं वाटलं.

आता विचारायचं हे की, एका टीमनं आपल्या गोलजवळून चकती (चेंडूच्या जागी असते ती) मारली, ती थेट पलीकडच्या टोकाला गेली, रेफरीनं शिट्टी मारली अन् खेळ परत त्यांच्याच गोलजवळ आणला. थोड्या वेळानं दुसऱ्या टीमनं सेम तसंच केलं तर शिट्टी नाहीच, उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनाबी सांगता येईना. आणि खेळ चालू असतानाच गडी कठड्यावरून आत-बाहेर करायले होते, हे चालतं का?

नांदेडचा हॉकीवाला:
भाऊ, त्याला आयसिंग म्हणतात. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेली चकती कुणाला न लागता समोरच्या गोलरेषेपार गेली की आयसिंग, नाहीतर दबाव आला की जो तो नुसती लांब भिरकावत बसंल. पण पेनल्टीमुळं ज्या टीमचा गडी बाहेर बसलाय त्यांना हे माफ असतं. आठवून बघा, त्या वेळी दुसऱ्या टीमचा कुणी पेनल्टी बॉक्समधी होता का?

आत-बाहेर चालतं. बर्फावर गोलकीपर धरून सहा जण, पण जीव तोडून पळायचं म्हणून मिनिटभराच्या आतच गडी बदलतात. आम्ही लहानपणापासून नांदेडच्या गोल्ड-सिल्व्हर कप हॉकी स्पर्धेच्या मॅची बघत आलो, मैदानी हॉकीतबी चालू खेळात बदली होते, पण एवढी पटापट नाही.

लातूरकर:
बरोब्बर! लाल जर्सीवाला एकजण बाजूला कोंडल्यासारखा बसला होता, मला वाटलं लागलं बिगलं असंल. म्हणून टाळ्या होत्या व्हय! एक गडी कमी असताना दोन मिनिटं तग धरून होते ते. आता सगळं डोळ्यापुढं आलं.

माजी सैनिक, बीड:
मी लडाखला होतो तेव्हा गावातली पोरं रात्री थंडीत पाणी सोडून थरावर थर गोठवायची, सकाळी त्यावरच खेळ. हाताला फोड यायचे पण फावडं सोडायची नाहीत. आपल्याकडं पोरं टेनिस बॉल क्रिकेटसाठी मैदान झाडतात ना, तशीच माया. आणि चकती रबरी असते, साधारण 170 ग्रॅमची, मोठ्या मॅचीत खेळाआधी गोठवून ठेवतात म्हणजे टप्पा घेत नाही, बर्फावर चिकटून सरकते. पुढच्या वेळी जाताना दोन जोड लोकरी मोजे घ्या, पाय आधी गारठतात.

परभणीची लेक:
दादा, मुलींची मॅच बघितली का? आपल्या महिला टीमनं 2025 च्या आशिया कपमधी यूएईत ब्राँझ आणलं, टीममधी बऱ्याच मुली लडाखच्याच आहेत. मी शाळेत कबड्डी शिकवते, ती बातमी वर्गात वाचून दाखवली तर पोरी तासभर प्रश्नच विचारत होत्या, बर्फ कसा असतो इथपासून सुरुवात.

लातूरकर:
नाही ना ताई, मुलींची मॅच दुसऱ्या दिवशी होती अन् आमचं परतीचं विमान सकाळचं. पण माझ्याकडं मोबाईलवर सहा-सात व्हिडिओ आहेत, शिट्टीवाला प्रसंगपण त्यात आहे. पोरींना दाखवायचे असतील तर सांगा, आजच टाकतो.