पॅरिशचा जुना इतिहास कुठं शोधावा?

शिवनाकाठ: आमचं गाव वैजापूर तालुक्यातलं. पॅरिशची, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चच्या धर्मग्रामाची, स्मरणिका निघतेय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हाताशी आहे ती ऑफिसातली फादरांच्या नावांची पाटी आणि बिशप आले तेव्हाचे फोटो. बाप्तिस्म्याचं रजिस्टर पॅरिश स्वतंत्र झाल्यापासूनचंच. म्हातारी माणसं सांगतात, आधी फादर घोगरगावाहून घोड्यावर यायचे, ओसरीवर मिस्सा (चर्चमधली उपासना) व्हायची. त्या काळाचे कागद कुठं मिळतील?

निवृत्त गुरुजी: मिशनच्या शाळेत नोकरी केली, रजिस्टरं हाताळलीत, म्हणून सांगतो. तुमचं गाव तेव्हा दुसऱ्या पॅरिशचं उपकेंद्र असणार. नोंद मूळ पॅरिशच्या वहीत. आधी घोगरगावलाच विचारा. ते मिशन १८९० च्या दशकातलं, फ्रान्सिस द सेल्स संघाच्या फादरांचं.

दुसरं म्हणजे, १९१७ च्या चर्च कायद्यानं दर वर्षअखेर रजिस्टरांची नक्कल बिशपांकडे धाडायची असे. बिशप कुठले, हा घोळ आहे. औरंगाबाद डायोसिस, म्हणजे बिशपांचा धर्मप्रांत, १९७७ ची. त्याआधी आपण अमरावतीत, आणि १९५५ पूर्वी नागपुरात. राहायचं निजामाच्या राज्यात अन् कागद इंग्रजांच्या मुलखात! सगळ्यांनी नकला पाठवल्याच असतील असं नाही, पण विचारायला काय जातं?

नोंदी लॅटिनमध्ये असतात. घाबरू नका, साचा ठरलेला: तारीख, लेकराचं नाव, आईबाप, धर्मबाप, धर्ममाता, खाली फादरची सही. समास मात्र सोडू नका. पुढं लग्न कुठल्या पॅरिशला लागलं ते तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कुठली लेक कुठं दिली, कोण पुण्या-मुंबईकडं गेलं, सगळं त्या बोटभर जागेत. पॅरिशमधल्या घराघराची माणसं लिहिलेली कुटुंबवहीही मागा, तिची नक्कल बिशपांकडे जात नसे. फादर येत-जात राहिले हो, गावात राहून लेकरांना प्रार्थना शिकवली ती प्रचारक मास्तरांनी. पाटीवर त्यांचं नाव असतं का?

गंगापूरकर: गुरुजींचं सगळं मान्य, पण जपून. रजिस्टरातला पास्कल शाळेच्या दाखल्यावर पांडुरंग असतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, म्हणून कितीक घरांत दोन नावं. आमच्या चुलत्याचंही तेच. तुम्ही हौसेनं वंशावळ छापाल आणि कुणाच्या तरी पोराचा जातीचा दाखला अडकेल.

शिवनाकाठ: हे डोक्यातच आलं नव्हतं. वंशावळ रद्द. मास्तरांची नावं तरी छापावीत ना?

निवृत्त गुरुजी: त्यांच्या घरच्यांना विचारून छापा. आणि घोगरगावला जाताना तुमच्या फादरांचं पत्र न्या, नाहीतर कपाट उघडायचं नाही. झेरॉक्सचा आग्रह धरू नका, जुनी पानं दाबली की शिवणीत तुटतात. वही आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन नको.