मदत हवी आहे : हौदातली वॉटर लिली, पानं पिवळी पडतायत आणि फूल एकही नाही

अंगणवेल
नमस्कार मंडळी, आता खरंच थकले म्हणून विचारतेय. मागच्या अंगणात माशांचा हौद आहे त्यात जूनमध्ये वॉटर लिली लावली, सप्टेंबर संपत आला तरी एक फूल नाही. पानं येतात, तीन-चार आठवडे बरी असतात मग पिवळी होऊन सडतात. पाणी हिरवंगार, मासे दिसतसुद्धा नाहीत. एकदा कळी वर आलेली, इतका आनंद झाला, शनिवारी बघते तर न उमलताच वाकून पाण्याखाली गेलेली. नर्सरीवाला म्हणाला खत घाला, घातलं, पाणी अजूनच हिरवं. तीन रोपं आणलेली त्यातलं एक पहिल्या पंधरवड्यातच मेलं. काय चुकतंय? जरा लवकर सांगा, थंडी पडायच्या आत काय ते करायचंय.

पाणकणीस
ऊन किती तास? हौद केवढा, खोली किती? रोप कशात लावलंय, माती कुठली? मासे कोणते? खत कुठलं आणि कसं घातलं? आणि राहता कुठे तुम्ही? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

कोरडवाहू
ऊन नसणार, दुसरं काय. माझ्याकडे सोलापुरात गच्चीवर साध्या ५०० लिटरच्या टाकीत लिली आहे, दिवसभर रणरणतं ऊन, दिवाळीपर्यंत एका वेळी तीन तीन फुलं असतात. पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर पानंच येत राहतात. झाडाच्या फांद्या छाटा आधी.

अंगणवेल
ऊन आहे हो, आधी सांगायला हवं होतं. सकाळी नऊ ते तीन चांगलं ऊन असतं. नाशिक. हौद ८ बाय ५ फूट, खोली अडीच फूट. मासे नेहमीचेच. नर्सरीच्या पिशवीतून काढून कुंडीत लावलं आणि कुंडी तळाला ठेवली. खत दाणेदार होतं, मूठभर टाकलं.

पाणकणीस
ताई, मूठभर *कुठे* टाकलंत? कुंडीत खोल खुपसलं की पाण्यात टाकलं?

आणि छोटं रोप एकदम अडीच फुटांवर ठेवायचं नसतं. त्याला पान वर आणायलाच सगळी ताकद लागते. हौदात विटा रचा, त्यावर कुंडी ठेवा, मातीवर अर्धा फूट पाणी येईल एवढीच. पानं वर येऊन पसरली की आठ-दहा दिवसांनी एक एक वीट काढत खाली न्या. सव्वा-दीड फुटाच्या खाली नेऊच नका.

सोनसळी
दीड फुटाचं काही खरं नाही. आमच्या गावच्या देवळाच्या तळ्यात माणूस बुडेल एवढं पाणी आहे आणि पावसाळ्यात कुमुदांनी तळं भरून जातं, तिथे कोण विटा रचतं?

पाणकणीस
तळ्यातलं झाड वर्षानुवर्षं रुजलेलं असतं, कंद मोठा असतो, शिवाय उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा ते उथळातच वाढतं आणि पाऊस चढेल तसं देठ लांबवत जातं. इथे रोप पिशवीतून काढलेलं आहे. दोन्हीची तुलना नको.

अंगणवेल
खत पाण्यातच टाकलं, वरून. तसं नाही टाकायचं का?

मत्स्यगंधा_नाशिक
अरे देवा. पाणी हिरवं का झालं ते कळलं बघा. ते खत लिलीला मिळालंच नाही, सगळं शेवाळाने खाल्लं. खत कागदाच्या पुडीत बांधून नाहीतर चिखलाच्या गोळ्यात भरून वाळवून मुळांजवळ बोटभर खोल खुपसायचं, महिन्यातून एकदा. घमेल्याएवढ्या कुंडीला दोन छोटे चमचे पुष्कळ झाले.

आणि "नेहमीचेच मासे" म्हणजे कोणते हो? कोई, म्हणजे ते मोठे रंगीत जपानी मासे, आहेत का?

अंगणवेल
हो कोई आहेत, चार. आणि गप्पी, डासांसाठी.

मत्स्यगंधा_नाशिक
कोई माती उकरतो, ती त्याची सवयच. मुळं उघडी पडतात, कोवळी पानं कुरतडतो. कुंडीतल्या मातीवर अंड्याएवढ्या गोट्यांचा थर द्या, बारीक वाळू नको, ती तो तोंडाने उचलून फेकतो. फक्त वाढीचा कोंब गोट्यांच्या वर मोकळा राहू दे. माती कुठली आहे तुमची?

अंगणवेल
नर्सरीने दिलेली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिक्स. अर्धी तर तरंगून वर आली होती, मी जाळीने काढली.

कोरडवाहू
कोकोपीट पाण्यात!! नर्सरीवाल्यांना काही कळत नाही. साधी शेतातली काळी माती घ्या, नाहीतर नदीचा पोयटा. गांडूळखत, शेणखत काही नको, पाण्यात कुजतं आणि वास मारतं.

सोनसळी
शेणखत का नको? आमच्याकडे घमेल्याच्या तळाला जुनं कुजलेलं शेणखत, वर माती, असंच लावतात आणि उत्तम येतं.

कोरडवाहू
तळाला पूर्ण कुजलेलं असेल तर ठीक. माशांच्या हौदात मी तरी घालणार नाही. एकदा घातलं होतं, दोन दिवसांत मासे वर येऊन तोंड वासायला लागले, पाच गेले. ते अजून डोळ्यासमोर आहे.

पूर्वकिनारा
न्यू जर्सीहून लिहितेय. थंडीचं म्हणालात म्हणून, ट्रॉपिकल (उष्ण हवेतली) लिली असेल तर पहिल्या बर्फाआधी कंद काढून धुवून ओलसर वाळूत बेसमेंटमध्ये ठेवा. हार्डी (थंडी सोसणारी) असेल तर कुंडी तळाला ढकला, वर बर्फ धरला तरी कंद गोठत नाही.

पाणकणीस
ताई, नाशिकला हौदावर बर्फ धरत नाही 🙂 पण मुद्दा कामाचा आहे. अंगणवेल, रोप काढून बघा. कंद आडवा, आल्यासारखा असेल तर हार्डी, तो कुंडीच्या कडेला तिरका लावायचा, कोंब मध्याकडे. गोल गड्डा असेल तर ट्रॉपिकल, तो मधोमध. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत ट्रॉपिकल मंदावते, घाबरायचं नाही, फेब्रुवारीअखेर परत फुटते.

रानवारा७
लिली कशाला, कमळच लावा ना, आपलं राष्ट्रीय फूल. आणि आत्ता कासला जाऊन या, कुमुदिनी तळं भरलंय, डोळ्यांचं पारणं फिटतं. हीच लिली आहे ती.

पाणकणीस
ती नाही. कासची कुमुदिनी म्हणजे निम्फॉइड्स, पांढरं छोटं फूल, पाकळ्यांना झालरीसारखे केस. वॉटर लिली म्हणजे निम्फिया. आणि कमळ तिसरंच, त्याचं पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं, पूर्ण गोल असतं आणि देठ मधोमध जोडलेला. लिलीचं पान तरंगतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते.

रानवारा७
आमच्याकडे सगळ्यांना कमळच म्हणतात.

मत्स्यगंधा_नाशिक
विषय भरकटतोय. अंगणवेल, हौद कधी बांधला? आणि पाणी किती दिवसांनी बदलता?

अंगणवेल
एप्रिलअखेर बांधून झाला, सिमेंटचा, आतून पॉलिश. मेमध्ये पाणी भरलं आणि आठवड्यात मासे सोडले. तेव्हा दोन कोई गेले पण दुकानदार म्हणाला प्रवासाने होतं. पाणी दर रविवारी पूर्ण काढून नळाचं भरते, हिरवं दिसतं म्हणून. कारंजं पण आहे, दिवसभर चालू.

मत्स्यगंधा_नाशिक
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं ताई. नवं सिमेंट चुना सोडतं, पाणी फार अल्कली होतं, मासे आणि रोप दोन्हीला बाधतं. पहिलं रोप आणि ते दोन कोई त्यातच गेले असणार. हौद भरून चार-पाच दिवस ठेवायचा, रिकामा करायचा, असं तीन-चार वेळा, मग मासे. आता पाच महिने झाले, बराचसा चुना निघून गेला असेल, तरी मत्स्यालयाच्या दुकानातून पीएचची पट्टी (पाणी किती अल्कली ते दाखवणारी) आणून एकदा बघा. साडेआठच्या वर असेल तर मला सांगा.

दर रविवारी पूर्ण पाणी बदलणं आजच बंद. नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि दर वेळी सगळं नवं म्हणजे हौद स्थिर होतच नाही. पाव भाग बदला, तोही पाणी एक दिवस बादल्यांत उघडं ठेवून.

कोरडवाहू
मी तर दर आठवड्याला अर्धं बदलतो, काही होत नाही.

मत्स्यगंधा_नाशिक
तुमच्याकडे मासे आहेत का?

कोरडवाहू
नाही.

पाणकणीस
कारंजं पण बंद करा, किंवा दुसऱ्या टोकाला न्या. लिलीला पानांवर सतत पडणारं पाणी अजिबात सोसत नाही. आणि बाहेरची जुनी पानं महिन्याभरात पिवळी पडतातच, ती देठासकट तळापासून काढून टाका, नाहीतर पाण्यात कुजतात. मधून नवं पान येतंय ना?

आता त्या कळीबद्दल. कधी दिसली, कधी बुडाली? तुम्ही दिवसा घरी असता का?

अंगणवेल
मधून नवं पान येतंय, हो. कळी सोमवारी सकाळी पाण्याच्या वर आलेली, घट्ट मिटलेली. शनिवारी बघितली तर बुडालेली. मी बँकेत आहे, आठला निघते आणि यायला सात होतात.

पाणकणीस
दिवसा उमलणाऱ्या बऱ्याच लिल्या नऊच्या आसपास उघडतात आणि दुपारी तीन-चारला मिटतात. असं तीन-चार दिवस चालतं, मग देठ वाकतो आणि फूल पाण्याखाली जातं, बी तिथेच धरतं. तुम्ही म्हणताय ते वेळापत्रक तंतोतंत हेच आहे. घरात दुपारी कोणी असतं का, विचारून बघा.

अंगणवेल
आत्ता सासूबाईंना विचारलं. त्या वर असतात, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, पण खिडकीतून हौद दिसतो. म्हणाल्या, "अगं, फिक्कट निळं फूल होतं, तीन दिवस दुपारी उघडलेलं बघितलं, मला वाटलं तू सकाळी बघून जातेस." त्यांनी ते बघितलं याचं इतकं बरं वाटतंय.

रविवारी काळी माती आणते. विटा आहेत घरात. कारंजं बंद केलंय. पीएचची पट्टी उद्या. अजून एक, पानांवर बारीक काळे किडे आहेत, नीमतेल फवारू का?

मत्स्यगंधा_नाशिक
नको!! मासे आहेत. मावा असेल तो. पाण्याच्या जोरदार धारेने पानावरून खाली पाडा, गप्पी खाऊन टाकतील.

सोनसळी
फिक्कट निळी असेल तर मला एक कंद द्याल का? मी सिन्नरलाच असते, येऊन घेऊन जाईन.