मदत हवी आहे: हानाफुदाच्या पत्त्यांमागची चित्रकला क्योटोत कुठे पाहता येईल?

नमस्कार मंडळी,

गेले वर्षभर मी आणि माझी दहा वर्षांची लेक रोज रात्री जेवणं झाली की हानाफुदाच्या जपानी पत्त्यांवर 'कोइ-कोइ' खेळतो. एकूण 48 पानं, बारा महिने, प्रत्येक महिन्याचं एक झाड किंवा फूल आणि त्याची चार पानं. मार्चला चेरी, ऑगस्टला गवतावर उगवलेला पूर्ण चंद्र. लेकीचं लाडकं पान नोव्हेंबरचं: विलोच्या झाडाखाली छत्री घेतलेला दहाव्या शतकातला सुलेखनकार ओनो नो मिचिकाझे आणि फांदीकडे उड्या मारणारा बेडूक. त्या बेडकाची चिकाटी पाहून त्याने पुन्हा सराव सुरू केला, अशी दंतकथा आहे. ती ऐकल्यापासून तिला ब्रशने लिहायला शिकायचंय!

एप्रिलमध्ये आम्ही पाच दिवस क्योटोला जातोय. निन्टेन्डोची सुरुवात 1889 मध्ये तिथेच, हेच पत्ते बनवण्यापासून झाली. उजीचं त्यांचं संग्रहालय यादीत आहेच.

पण जुने, हाताने रंगवलेले पत्ते कुठे पाहायला मिळतील? लहान मुलांना सुलेखन किंवा लाकडी ठशांची छपाई शिकवणारा एखादा वर्ग कुणी स्वतः केलाय का? आम्हाला जपानी येत नाही, तेवढ्यावर निभावतं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.