सुपरहिरोपटाआधीचे ट्रेलर: गांभीर्याने पारखावेत की सोडून द्यावेत?

अर्धविराम
सुपरहिरोपट पाहून आल्यावर मंडळी मुख्य चित्रपटाची चिरफाड करतात, पण त्याआधी दाखवलेल्या ट्रेलरांविषयी सहसा कोणी अवाक्षर काढत नाही. माझ्या मते ट्रेलर ही स्वतंत्रपणे पारखण्याजोगी गोष्ट आहे आणि ती पारखायची तर चित्रपटगृहातच. भ्रमणध्वनीवर आपण ट्रेलर थांबवतो, मागे नेतो, अर्धवट सोडतो. चित्रपटगृहात मात्र तो एकदाच दिसतो, आणि त्यातला विनोद पडला तर त्या शांततेतूनच ते कळते.

उदाहरण ताजे आहे. २५ जुलै २०२५ रोजी ‘द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ प्रदर्शित झाला, तेव्हा ‘अवतार: फायर अँड अ‍ॅश’चा पहिला ट्रेलर त्याला जोडून चित्रपटगृहांत आणला गेला आणि आंतरजालावर तो २८ जुलैला आला. पँडोरा या कल्पित जगाच्या देवतेकडे पाठ फिरवलेल्या राखेच्या टोळीची म्होरकी वरांग, तुमच्या देवीची सत्ता इथे चालत नाही, असे सुनावते आणि त्या एका वाक्यात संघर्ष कशाचा आहे हे स्पष्ट होते. आधीच्या दोन भागांत शत्रू माणूस होता. आता तो पँडोराचाच आहे, ही बातमी निवेदकाच्या आवाजाशिवाय पोचते. मला हा ट्रेलर उत्तम वाटला. मात्र त्याने मुख्य चित्रपटावर अन्याय केला, हेही नोंदवतो. ‘फँटॅस्टिक फोर’ हा १९६०च्या दशकाच्या कल्पनेतले भविष्य दाखवणारा, मुळात एका कुटुंबाचा चित्रपट आहे. त्या अफाट आगीनंतर त्याची सुरुवात उगीचच लहानखुरी भासली. दोन्ही चित्रपट डिस्नेच्याच घरचे असताना ही निवड कोणी केली असेल, याचे कुतूहल आहे.

चौथी_रांग
अर्धविराम, तुमच्या मताशी मी मुळातच असहमत आहे. अंधार, छाती हादरवणारा ध्वनी आणि आधीच उत्साहात असलेला प्रेक्षक एकत्र आल्यावर कोणताही ट्रेलर बरा वाटतो. परीक्षणासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

जुलै २००८ मध्ये ‘द डार्क नाइट’बरोबर ‘वॉचमेन’चा पहिला ट्रेलर दाखवला गेला. यंत्रात विरघळून निळा होऊन परतणारा डॉक्टर मॅनहॅटन, नदीच्या पाण्यातून वर येणारे घुबडाच्या आकाराचे विमान, मंगळाच्या मातीतून उभा राहणारा काचेचा महाल, अशी एकेक चौकट थबकत पुढे सरकत होती आणि मागे स्मॅशिंग पंपकिन्सचे गाणे वाजत होते. गंमत म्हणजे ते गाणे १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’साठी केलेले होते, म्हणजे ट्रेलरचा अर्धा प्रभाव दुसऱ्याच चित्रपटाच्या उसनवारीवर उभा होता. त्या ट्रेलरमुळे मूळ चित्रकादंबरीचा खप एकदम वाढला, ही त्याची चांगली बाजू. पण मार्च २००९ मध्ये आलेला चित्रपट संथ, बोलका आणि पावणेतीन तासांच्या घरात जाणारा होता, आणि त्याचे स्वागत ट्रेलरइतके एकमुखाने झाले नाही. दोष चित्रपटाचा नव्हता, मला तर तो आवडतो. पण ट्रेलरने जी अपेक्षा पेरली तिचे पीक या चित्रपटात येणारच नव्हते.

शिवाय ट्रेलर बहुधा दिग्दर्शक कापत नाही. ते काम त्यासाठीच असलेल्या वेगळ्या संस्था करतात. ‘सुइसाइड स्क्वॉड’च्या (२०१६) ट्रेलरला मिळालेला प्रतिसाद पाहून स्टुडिओने ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीलाच चित्रपटाच्या एका आवृत्तीच्या संकलनात सामील करून घेतले, असे वृत्त ‘हॉलिवूड रिपोर्टर’ने दिले होते. पडद्यावर काय आले ते आपण पाहिलेच आहे: गाण्यांचे तुकडे आणि पात्रपरिचयाच्या पाट्या एकापुढे एक. ट्रेलरला कलाकृती मानून डोक्यावर घेतले की चित्रपटच ट्रेलरसारखे होऊ लागतात.

तिकीटखिडकी
चर्चेत कायद्याची बाजूही यायला हवी. ‘फॅन’ (२०१६) च्या प्रसिद्धीत जे गाणे ठळकपणे दाखवले ते चित्रपटात नव्हते, म्हणून महाराष्ट्रातील एका शिक्षिकेने ग्राहक मंचात तक्रार केली. राज्य आयोगाने त्यांना १० हजार रुपयांची भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. परंतु एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रसिद्धीचा ट्रेलर म्हणजे कराराचा प्रस्ताव नव्हे, त्यामुळे त्यातली गोष्ट चित्रपटात नसणे ही सेवेतील त्रुटी ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. अमेरिकेत मात्र डिसेंबर २०२२ मध्ये ‘यस्टरडे’ या चित्रपटाच्या खटल्यात एका न्यायाधीशांनी ट्रेलर हा व्यापारी मजकूर असून त्याला फसव्या जाहिरातींचे कायदे लागू होऊ शकतात, असे म्हटले होते. तो दावा पुढे वेगळ्या कारणाने निकालात निघाला.

आता ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’चा ट्रेलर आठवा. वकांडा या कल्पित देशाच्या मैदानावर नायकांच्या फळीबरोबर हल्क धावत येतो. चित्रपटात त्या लढाईत हल्क नाहीच. खलनायक थॅनोसचा मार खाल्ल्यावर तो बाहेर यायलाच तयार होत नाही आणि त्याचे मानवी रूप असलेला बॅनर चिलखतात शिरून लढतो. म्हणजे ते दृश्य केवळ आपल्याला चकवण्यासाठी होते. आपल्याकडे कायदा मदतीला येणार नसेल, तर ट्रेलर डोळसपणे पाहणे हाच प्रेक्षकाच्या हातातला उपाय आहे. म्हणून निष्कर्षापुरता मी अर्धविराम यांच्या बाजूचा, कारणे मात्र माझी वेगळी.

कोपऱ्यातली_खुर्ची
आपण सारे मूळ दुखणे विसरत आहात, आणि ते वेळेचे आहे. तंबाखूविरोधी चित्रफीत, दागिन्यांच्या जाहिराती, मग ट्रेलर, मग पुन्हा जाहिराती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या ग्राहक आयोगाने, खेळ सुमारे २५ मिनिटे उशिरा सुरू केल्याबद्दल एका मल्टिप्लेक्स साखळीला दंड केला आणि चित्रपटाची खरी वेळ तिकिटावर छापायला सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अमेरिकेतील चित्रपटगृहमालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये ट्रेलर दोन मिनिटांपेक्षा लांब नसावा, अशी मार्गदर्शक सूचना काढली होती, पण तीही ऐच्छिकच. पैसे मोजून आत बसलेल्या माणसाकडून आणखी रसग्रहणाची अपेक्षा करणे मला जरा जास्तच वाटते.

अर्धविराम
कोपऱ्यातली_खुर्ची, जाहिरातींवरचा आपला राग रास्त आहे, परंतु ट्रेलरला त्याच रांगेत उभे करू नका.

तिकीटखिडकी, हल्कच्या दृश्याला आपण फसवणूक म्हणता. मी त्याला शिष्टाचार म्हणेन. हल्कचे न येणे हा त्या चित्रपटातला एक धक्का आहे, आणि ट्रेलरने खोटे बोलून तो राखला. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’च्या (२०२१) ट्रेलरमध्ये तर सरड्यासारख्या खलनायकाच्या जबड्यावर समोर कोणीही नसताना ठोसा बसल्यासारखा तो कलंडतो, कारण मारणाऱ्या स्पायडर-मॅनला चौकटीतून पुसून टाकलेले होते. याउलट ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’च्या डिसेंबर २०१५ मधील ट्रेलरने दोघांचे भांडण, मग डूम्सडे हा राक्षस, आणि त्याच्यासमोर वंडर वुमनसह तिघे एकत्र, असा पूर्ण कथाभाग क्रमाने सांगून टाकला. त्यात खोटे काहीच नव्हते, पण तिकिटाचे अर्धे मोल तिथेच संपले. माझ्या लेखी गुण-दोषाची रेघ इथे पडते.

चौथी_रांग
मग आपलाच निकष आपल्या उदाहरणाला लावा. ट्रेलर काय राखून ठेवतो यावरून तो जोखायचा, तर ‘फायर अँड अ‍ॅश’ने काय राखले आहे हे २५ जुलैला आपल्याला कसे कळणार होते? चित्रपट आला १९ डिसेंबरला. म्हणजे आपल्याच नियमाने त्या ट्रेलरचा निवाडा पाच महिने प्रलंबित राहायला हवा होता, आणि तो होईपर्यंत ‘उत्तम’ हा शेरा मारण्याची घाई आपण करायला नको होती.