स्वतःची दहा टायरी घ्यावी की पगारावरच राहावं?

जालना_ते_कळंबोली

मी जालन्याचा. बरीच वर्षं एकाच मालकाच्या दहा टायरी गाडीवर आहे. जालन्याहून सळई भरायची, कळंबोलीच्या स्टील मार्केटात खाली करायची आणि येताना भंगार मिळालं तर ते भट्टीवर आणायचं, हाच धंदा. पगार 22 हजार, वर भत्ता.

आता मालक म्हणतात, मुलं या धंद्यात येणार नाहीत, गाडी तूच घे. 2021 चं मॉडेल आहे, बीएस-6. वीस लाख सांगतात. माझ्याकडे सहा लाख आहेत. चौदा लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी चार वर्षांसाठी मिळतंय, म्हणजे हप्ता साधारण 38,250.

माझा कल घेण्याकडे आहे. या गाडीचा गिअर, ब्रेक, इंजिनचा आवाज सगळं मला माहीत आहे. माझं वय 36. आत्ता नाही घेतली तर पुढे होणार नाही असं वाटतं. बायको म्हणते, पगार येतोय तो येऊ दे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

वजनकाटा

घेऊ नका. का ते आकड्यांतच मांडतो.

दहा टायरीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून कायद्याने चालणारं वजन, 28 टनांचं. रिकामी गाडी नऊच्या आसपास, म्हणजे माल 19 टन. टनाला 1,300 भाव धरला तर जातानाचे 24,700. परतीचं भंगार 900 नी धरलं तर 17,100. एकूण 41,800.

आता खर्च. जाऊन-येऊन साडेआठशे किमी आणि लिटरला चार किमी, म्हणजे 212 लिटर. नव्वदच्या भावाने डिझेल 19,100. टोल पाच हजार. दलाली, हमाली, वाराई (गेटवर भरणी-उतरवणीचे द्यावे लागणारे पैसे) मिळून अडीच हजार. जेवण, युरिया (बीएस-6 इंजिनचा धूर साफ करायला लागतो तो), पंक्चर, किरकोळ दीड हजार. झाले 28,100. एका फेरीत उरले 13,700.

महिन्याला सहा फेऱ्या धरू, 82 हजार. यातून हप्ता 38,250. दहा टायर म्हणजे दोन लाख, महिन्याला पाच हजार किमी पळणाऱ्या गाडीला सव्वा वर्षात बदलावे लागतात. रबर चढवून वापरले तरी महिन्याला अकरा हजार बाजूला पडले पाहिजेत. विमा: 20 ते 40 टनांच्या मालगाडीला नुसतं थर्ड पार्टीच सुमारे 44 हजार, गाडीचा स्वतःचा विमा धरून महिना सहा हजार. नॅशनल परमिट, कर, फिटनेस साडेतीन हजार. दुरुस्ती दहा हजार. बेरीज 68,750.

हातात उरतात साडेतेरा हजार. आज तुम्हाला पगारच 22 हजार आहे, आणि त्यात टायर फुटला तर तो मालकाचा फुटतो.

परतीचं भाडं नाही मिळालं तर काय होतं तेही बघा. रिकामी गाडी डिझेल कमी खाते हे धरूनही त्या फेरीत हाती काही राहत नाही. महिन्यात अशा दोन फेऱ्या झाल्या की हप्ता घरच्या पैशातून भरायचा.

समृद्धीवरून

वजनकाटा, तुमचा हिशेब पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकाचा आहे. मालक स्वतः स्टेअरिंगवर बसला की आकडे बदलतात. माझी बारा टायरी आहे आणि मीच चालवतो.

सगळ्यात मोठा फरक डिझेलचा. चार किमी ॲव्हरेज हे दुसऱ्याच्या पायाखालचं. योग्य गिअर, टायरमध्ये बरोबर हवा आणि उभ्या गाडीचं इंजिन बंद, एवढं पाळलं तर तुमच्याच गाडीत 4.6 मिळेल. म्हणजे 212 ऐवजी 185 लिटर. फेरीमागे जवळजवळ अडीच हजार, सहा फेऱ्यांत पंधरा हजार. तुमचे साडेतेरा हजार तिथेच 28 हजारांवर गेले. टायरही जास्त टिकतात, कारण खड्डा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

दुसरं, रस्ता. 5 जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किमीचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. जालन्याहून वर चढलं की थेट भिवंडीजवळ. कसारा घाट टळला. टोल चढा आहे, पण क्लच, ब्रेक आणि वेळ वाचतो. सहाच्या सात फेऱ्या होऊ शकतात.

कराचंही डोकं खायची गरज नाही. दहापेक्षा जास्त गाड्या नसणाऱ्याला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. जड गाडीला टनामागे महिना हजार, म्हणजे 28 टनांना वर्षाचं उत्पन्न 3 लाख 36 हजार धरलं जातं. पॅन आणि प्रतिज्ञापत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापायचं कारण नाही.

आणि चार वर्षांनी हप्ता संपतो. तेव्हा ते 38 हजार दर महिन्याला घरात येतात. पगारावर चार वर्षं राहून दादांच्या हातात काय असेल? तोच पगार, फार तर दोन-तीन हजार वाढून.

कळंबोलीचा_मुक्काम

सात फेऱ्या? गाडी रस्त्यावर अडकतच नाही, ती गेटवर अडकते.

मी याच लाईनवर आहे. जालन्यात मिलच्या बाहेर भरतीसाठी थांबा. कळंबोलीत क्रेन मोकळी होईपर्यंत थांबा. व्यापारी म्हणतो आज जागा नाही, उद्या या. भंगारासाठी न्हावा शेव्याच्या बाजूला रांग लागली की दिवस गेला. समृद्धीने चार तास वाचवले तर ते चार तास मी कळंबोलीत उभा राहून काढतो.

हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे कागदावर ठरलेले असतात. मागायला गेलं की पुढची भरती दुसऱ्याला. दहा गाड्यांचा मालक भांडू शकतो, एका गाडीवाल्याने काय करायचं? वाराईचंही तसंच. संघटना वर्षानुवर्षं ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणून भांडतायत, पण गेटवर पैसे गाडीवाल्याच्याच खिशातून जातात.

दादा, महिन्यात पाच फेऱ्या धरा आणि मग सांगा.

वजनकाटा

पाच फेऱ्या आणि समृद्धीवाल्यांचं 4.6 ॲव्हरेज, दोन्ही मान्य करून सांगतो: फेरीत 16,200, पाच फेऱ्यांचे 81 हजार. म्हणजे पुन्हा तिथेच, हातात बारा-साडेबारा हजार. चांगलं चालवून जे कमावलं ते गेटवर उभं राहून गेलं.

आणि चार वर्षांनी हप्ता संपेल तेव्हा गाडी नऊ वर्षांची झालेली असेल. आठ वर्षांनंतर फिटनेस दर वर्षाला. इंजिनचं काम तेव्हाच निघतं. वाचलेला हप्ता घरी येण्याआधी गॅरेजमध्ये जातो.

टन_दोन_टन

सगळे 19 टनच का धरतायत? दोन टन वर टाकायचे. बाजारात कोण पासिंगमध्ये चालतं?

वजनकाटा

2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. दोन टनांचे 24 हजार, आणि जादा माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळा. जातानाचं पूर्ण भाडं 24,700 आहे. दोन टनांचे 2,600 रुपये मिळवायला ते पणाला लावायचं? एका गाडीवाल्याला हा सल्ला देऊ नका. घाटात उतरताना ब्रेकवर काय ताण येतो हे तुम्हालाही माहीत आहे.

हिशेबाची_वही

मी ड्रायव्हर नाही. आमच्या दोन गाड्या आहेत. एक माझे यजमान चालवतात, दुसरीवर दीर असतात. फोन, बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल, पोच (माल मिळाल्याची सही), वसुली सगळं माझ्याकडे आहे. वरच्या चर्चेत ॲव्हरेज आणि फेऱ्यांवर सगळे बोलले, पण ज्याने माणूस बुडतो ते कुणीच मांडलं नाही, म्हणून लिहिते.

डिझेल रोख आणि टोल फास्टॅगमधून तिथल्या तिथे. भाडं मात्र उधार. बाजारातला माल उचलला तर बरंचसं भाडं ॲडव्हान्स मिळतं आणि बाकी पोच दिल्यावर. ती पोच नीट शिक्का-सहीची नसली, दोन किलो घट लिहिली, तर बाकी लटकली. कंपनीच्या मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे गाडी लावली तर काम नियमित मिळतं, पण बिल 45 दिवसांनी, कधी साठ. दोन्हीकडे वाट बघणारे आपणच.

आता भाऊ, तुमच्यासाठी गणित करते. फेरीचा खर्च 28 हजार. दीड महिना पैसे आले नाहीत तर नऊ फेऱ्यांचा खर्च आधी आपल्या खिशातून गेला, म्हणजे अडीच लाख. त्या दीड महिन्यात एक हप्ता नक्की येणार, कदाचित दोन. घरखर्च, मुलांची फी वेगळी. हे पैसे कुठून आणणार? तुमचे सहाच्या सहा लाख तर गाडीच्या पहिल्या भरण्यात गेले. मग पंपवाल्याची उधारी होते, नंतर महिना तीन-चार टक्क्यांचा सावकार येतो. आमच्या ओळखीतल्या ज्यांच्या गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या, त्यांच्या गाड्यांना काम होतं. भाड्याचे पैसे बाजारात अडकलेले होते आणि हप्त्याच्या तारखेला खातं रिकामं होतं. कामाचा माणूस, पळती गाडी, आणि तरी घर उघड्यावर आलं, हे मी जवळून बघितलंय. म्हणून इतकं लांबवून लिहितेय.

तरीही मी ‘घेऊ नका’ म्हणत नाही. आमच्या दोन्ही मुलींचं शिक्षण या गाड्यांवर झालं. पण तीन गोष्टी आधी करा. मालकाला सांगा, वीस नाही, सतराला द्या. बाजारात विचारून बघा, मागे-पुढे होतं. ते वाचलेले तीन लाख बँकेत ठेवा आणि त्यांना गाडीचे नाही तर डिझेलचे पैसे समजा. दुसरं, मालकाचा ट्रान्सपोर्टर आणि भंगाराचा व्यापारी तुम्हाला तुमच्या नावावर काम देणार का, आणि पैसे किती दिवसांत, हे गाडी नावावर होण्याआधी समोर बसून विचारा. आजवरचा विश्वास मालकावर होता, तुमच्यावर नाही, हे ऐकायला वाईट वाटेल पण विचाराच. तिसरं, जमीन किंवा वहिनींचं सोनं यात घालू नका. गाडी गेली तर पुन्हा पगारावर जाता येतं.

पिंपळगावचा_रस्ता

वहीवाल्या ताईंनी लिहिलं त्याच्या पुढचं. एकाच मालावर भिस्त ठेवू नका. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली ती 4 मे 2024 ला उठली. आमच्याकडच्या ज्या गाड्या फक्त बंदराकडे कांदा ओढायच्या त्या मंडईबाहेर उभ्या राहिल्या. हप्त्याला कुणी बंदी घातली नाही. सळईचं पावसाळ्यात तसंच होतं, बांधकामं थंडावली की भाव पडतो. जून ते सप्टेंबर पाच फेऱ्याही जड जातील.

छोटी_गाडी

इतकं कर्ज कशाला? एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिटच लागत नाही. जालना एमआयडीसीत लोकल फिरवा, रात्री घरी.

कळंबोलीचा_मुक्काम

घरी झोपायला मिळतं हे खरं. पण चौकात जाऊन बघा, अशा किती गाड्या सकाळपासून उभ्या असतात. शिवाय दादांची कमाई जड गाडी लांब पल्ल्यावर नेण्याच्या कसबाची आहे, ते छोट्या गाडीत वाया जाईल.

रात्रपाळी

पैशाचं झालं, शरीराचं बोला. नोकरदार चालकाला कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. ती पाळतात का, वेगळी गोष्ट. पण मालक-चालकाला थांबवणारं कुणीच नाही. हप्त्याची तारीख जवळ आली की माणूस स्वतःलाच सांगतो, अजून शंभर किमी. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर तर डोळा कधी लागतो कळत नाही. जानेवारी 2024 मध्ये, अपघात करून पळून गेलं तर दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीवरून आपण सगळ्यांनी गाड्या उभ्या केल्या. ती तरतूद तेव्हा थांबली, पण अपघाताची भीती काही गेली नाही, आणि स्वतःच्या गाडीला अपघात झाला की ड्रायव्हर आणि मालक दोन्ही आपणच.

घेतलीच तर विम्यात मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कवच आहे ना, पॉलिसीवर बोट ठेवून बघा. आणि गाडीवर जुनी ई-चलनं किती आहेत, मालकाच्या कर्जाचा बोजा उतरलाय का, हे सरकारच्या ‘परिवहन’ साइटवर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मालक कितीही चांगले असले तरी.

समृद्धीवरून

रात्रपाळी, झोपेचं बोललात ते शंभर टक्के बरोबर. पण पगारावर तरी कुठे झोप मिळते? मालकाचा फोन रात्री दोनला येतो, ‘कुठवर पोचलास’ म्हणून. माझ्या गाडीवर निदान थांबायचं ठरवलं तर मी थांबतो.

वहीवाल्या ताईंशी माझा वाद नाही. फक्त एवढंच म्हणतो, की सगळ्यांनी भीती घातली म्हणून दादांनी माघार घेऊ नये. ज्या माणसाने इतकी वर्षं दुसऱ्याची गाडी जपली तो स्वतःची बुडवेल असं मला वाटत नाही.

वजनकाटा

जपण्याने गाडी टिकते. भाव आणि उधारी त्याच्या हातात नाही. माझं मत अजूनही नाहीच, निदान वीस लाखांना तरी.

जालना_ते_कळंबोली

सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, आभार. ताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, हेच मी सांगत होते, मला फक्त आकड्यांत सांगता येत नव्हतं.

काल मालकांशी बोललो. साडेसतरापर्यंत येतो म्हणाले, आणि चलनं, बोजा सगळं साफ करून देतो म्हणाले. म्हणजे कर्ज चौदाच ठेवलं तर माझ्याकडे अडीच लाख राहतात, ताईंनी सांगितलेल्या आकड्याइतके. मी हप्ता कमी करण्यासाठी ते कर्जात घालणार होतो, ते आता नाही.

ट्रान्सपोर्टरकडे सोमवारी जातोय. ते 30 दिवसांत पैसे देतो असं लिहून देत असतील तर घेतो. 45 म्हणाले तर बाजारातल्या मालावर किती ॲडव्हान्स मिळतो ते बघेन. आणि साठ म्हणाले तर गाडी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, मी तिच्यावर ड्रायव्हर राहीन.

भंगाराच्या व्यापाऱ्याशी कुणाची ओळख आहे का? भिवंडी किंवा तळोजा, कुठलंही चालेल. परतीचं नक्की झालं तर बाकीचं मी बघून घेतो.